पेडोच्या (लहान मुलांच्या दंतविभागाच्या) पोस्टिंगला निघालेल्यांसाठी, विशेषतः मे महिन्यात

कोकणात मे महिन्यात पेडोची पोस्टिंग लागली की बाकीची बॅच तुमची कीव करते. करू दे. परीक्षा संपलेल्या असतात, चाकरमान्यांची पोरं गावी उतरलेली असतात, कोणी आंब्यावर चढतं, कोणी खळ्यात क्रिकेट खेळताना बॅट तोंडावर घेतं, आणि सगळी शेवटी तुमच्याच खुर्चीवर येतात. पावसाळा लागला की शेवाळ धरलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवरून घसरलेल्यांची रांग. ट्रॉमाचा, म्हणजे मार लागलेल्या दातांचा, धडा इथे जितका कळतो तितका लेक्चर हॉलमध्ये कळत नाही.

फ्रँकलची वर्तन-श्रेणी, टेल-शो-डू (आधी सांगा, दाखवा, मग करा) हे सगळं तुमचं पाठ असेल, ते सोडून देते. एकच सांगते. ‘अजिबात दुखणार नाही’ असं वचन पोराला देऊ नका. दुखलं की तुम्ही खोटारडे ठरता आणि पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. आणि ‘गप बस नाहीतर डॉक्टर सुई टोचेल’ म्हणणाऱ्या आजीला प्रेमाने बाहेर बसवा. हे काम विभागातल्या मावशी तुमच्यापेक्षा चांगलं करतात. माझं तर स्पष्ट मत आहे की पहिले काही दिवस सिनियरच्या मागे फिरण्यापेक्षा मावशींच्या शेजारी उभं राहावं. रडणारं पोर कधी खरं घाबरलंय आणि कधी नुसतं आईला दाखवतंय, हे त्यांना दारातूनच कळतं.

पडलेलं मूल आलं की दाताकडे नंतर बघा. शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का, नाकाकानातून पाण्यासारखं काही येतंय का. यातलं काहीही असेल तर दात राहू दे, आधी पोराला हॉस्पिटलला पाठवा. जखम मातीत झाली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते विचारा. दाताचा तुकडा सापडत नसेल आणि ओठ सुजला असेल तर ओठाचा एक्स-रे घ्या. सुजलेल्या ओठावर बोट फिरवलं की कधी कधी आत खडा लागावा तसं काहीतरी लागतं, तो दाताचा कोपरा असतो. तो नीट निघाला तर २० मिनिटं सलाइनमध्ये भिजवून परत चिकटवता येतो. एवढ्याने आई खूश होते. तुम्हीही व्हाल.

आता पूर्ण निखळलेला दात. तो दुधाचा की कायमचा, हे आधी ठरवा. दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही, कारण वर तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होते. घरचे हट्ट धरतील, तुम्ही धरू नका. वरचे पुढचे कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, त्यामुळे सहा ते आठ वयात नुसत्या वयावर जाऊ नका. दात हातात घेऊन बघा, एक्स-रे बघा. कायमचा असेल तर घड्याळ सुरू झालेलं असतं. मूळ कोरडं राहून ६० मिनिटं झाली की त्यावरच्या पेशी जवळपास गेलेल्या असतात. म्हणून ‘कधी पडला?’ एवढं विचारून थांबू नका. ‘मधल्या वेळात दात होता कुठे?’ हा खरा प्रश्न. रुमालात होता, की दुधाच्या भांड्यात? वाडीवरून निघून एसटी बदलून येईपर्यंत तास सहज जातो, पण दात दुधात आला असेल तर अजून आशा आहे. शाळांत शिबिराला जाल तेव्हा ब्रश कसा करायचा याच्या आधी हे सांगा: दात मुकुटाकडून, म्हणजे तोंडात दिसतो त्या भागाकडून, धरा, मूळ घासू नका, जमलं तर तिथल्या तिथे बसवा, नाही जमलं तर दुधात टाका आणि निघा.

निखळलेला दात शहाळ्याच्या पाण्यात ठेवण्याबद्दल इथला प्रत्येक विद्यार्थी व्हायव्हात उत्साहाने बोलतो. त्यावर अभ्यास झालेत, पण ते आम्लधर्मी असतं आणि आयएडीटी या दातांच्या इजांवरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सुचवलेल्या यादीत ते नाही. गोठ्यात दूध असताना माडावर कशाला चढायचं?

हे सगळं तसं सोपं आहे. ठेच लागते ती पुढे, आणि मलाही तिथेच लागली होती.

समजा आठ वर्षांचा मुलगा आहे. २१ नंबरचा दात, म्हणजे वरचा डावा पुढचा, हललाय, थोडासा सरकलाय, तुटलेला नाही. तुम्ही सुईच्या टोपणात गोठवलेली बर्फाची कांडी काढता, दाताला लावता. काही नाही. पुन्हा लावता. काही नाही. फाइलमध्ये लिहिता, ‘नॉन-व्हायटल’, म्हणजे मेलेला. आणि शेजारच्या पानावर तुमचा कोटा, म्हणजे पूर्ण करायच्या कामांचा आकडा, असतो, त्यात पुढच्या दातांच्या आरसीटी (रूट कॅनॉल) अजून बाकी असतात. पुढचं सांगायला नको.

थांबा. ती कांडी रक्तपुरवठा तपासत नाही, नस, म्हणजे संवेदना नेणारा मज्जातंतू, तपासते. मार लागला की मुळाच्या टोकाशी नसा दबतात, ताणल्या जातात आणि काही काळ गप्प होतात. आत रक्त वाहत असू शकतं. हा मुकेपणा महिनोन्‌महिने टिकू शकतो आणि नंतर प्रतिसाद परत येतो. शिवाय या वयात मुळाचं टोक उघडं असतं, तिथून रक्तपुरवठा पुन्हा जोडला जाण्याची शक्यता मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त. नुकत्याच आलेल्या धडधाकट दाताचा प्रतिसादसुद्धा बेभरवशाचा असतो, कारण आतल्या नसांचं जाळं अजून पुरतं तयार झालेलं नसतं. उलटही होतं. घाबरलेलं पोर कांडी लागायच्या आधीच हात वर करतं. म्हणून आधी न दुखावलेल्या दातावर करून दाखवा, मग एकदा कांडीशिवाय नुसतं बोट लावून बघा, आणि त्यानंतर खरी तपासणी.

पल्प (दाताच्या आतला जिवंत गाभा) मेला म्हणायला निदान दोन खुणा लागतात, आणि नुसता प्रतिसाद नसणं ही त्यातली एकच. हिरडीवर पुळी, सूज, मुळाशी काळी सावली, दात राखाडी पडणं, किंवा शेजारच्या ११चं (वरच्या उजव्या पुढच्या दाताचं) मूळ वाढतंय आणि २१चं तिथेच थांबलंय, असं काहीतरी सोबत हवं. त्याआधी दात उघडलात तर मुळाची वाढ थांबते. भिंती पातळ राहतात, टोक उघडं राहतं, मग एमटीए या सिमेंटने ते बंद करत बसा, आणि एवढं करून कॉलेजात जायच्या वयात तो दात मानेशी तुटू शकतो. आठव्या वर्षी तुमचा कोटा भरला म्हणून.

पण याचा अर्थ ‘ट्रॉमात कधीच आरसीटी नाही’ असाही काढू नका, काही जण तेही करतात. मुळाचं टोक बंद झालेला दात निखळून परत बसवला असेल तर दोन आठवड्यांच्या आत आरसीटी सुरू करायचीच. मूळ पूर्ण झालेला दात आत घुसला असेल तरी तसंच. आणि टोक उघडं असलेल्या दाताला नुसतं ‘बघू’ म्हणून सोडायचं नाही. तिथे संसर्ग झाला तर मूळ फार झपाट्याने विरघळतं.

कोट्याबद्दल माझं मत कॉलेजात कोणाला आवडत नाही. ‘पाहिलं, थांबलो, तीन महिन्यांनी परत पाहिलं’ याला सही मिळत नाही, दात उघडला की मिळते. तुम्ही व्यवस्था बदलू शकणार नाही. मग आरसीटी किडलेल्या दातांवर पूर्ण करा, कोकणात त्यांची वानवा नाही. आणि अडलं तर ज्या शिक्षकांना ‘अजून थांबूया का?’ विचारता येतं त्यांच्याकडे जा, प्रत्येक विभागात असे एखादे असतातच. हातातलं काम काढून घेऊन स्वतः पूर्ण करणाऱ्यांकडून फारसं शिकायला मिळत नाही, कितीही गोड बोलत असले तरी.

एक गोष्ट थोडक्यात, पण गंभीर. सांगितलेली हकिगत आणि जखम जुळत नसेल, किंवा अजून चालताही न येणाऱ्या बाळाचा वरच्या ओठाचा पडदा फाटलेला असेल, तर कोणावर आरोप करू नका आणि गप्पही बसू नका. नीट लिहून ठेवा आणि लगेच वरिष्ठांना बोलवा.

घाबरू नका. पहिला दात परत बसवताना सगळ्यांचे हात थरथरतात. स्प्लिंटची, म्हणजे दात शेजारच्या दातांना धरून ठेवायची, तार लवचीक घ्या, ०.४ मिमीपर्यंत, आणि ती चिकटवायचं कॉम्पोझिट हिरडीपासून लांब ठेवा. निखळलेल्या दाताला दोन आठवडे, बाजूला सरकलेल्याला चार. खरी पंचाईत स्प्लिंट काढायची. दोन आठवड्यांत मे संपतो आणि पोर मुंबईला जातं, गावातलं असेल तर पेरणी सुरू होते आणि आणायला कोणी मोकळं नसतं. ‘परत या’ हे शब्द दारापर्यंतच टिकतात. म्हणून तारखा कार्डावर मराठीत लिहा: दोन आठवडे, चार आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, आणि पुढे निदान पाच वर्षं दरवर्षी. घरात पोराला जी व्यक्ती प्रत्यक्ष घेऊन येणार आहे, बहुतेक वेळा आजी किंवा मावशी, तिच्या हातात ते द्या. एक्स-रेचा फोटो आईच्या मोबाईलमध्ये तिथल्या तिथे पाठवा, सोबत दाताचा नंबर, मार लागल्याची तारीख आणि दात किती वेळ कोरडा होता ते. दादरला किंवा विरारला जो कोणी पुढे बघेल त्याला मूळ वाढतंय की थांबलंय हे ठरवायला तुमचा तो पहिला फोटोच लागणार आहे.