ओव्हरटाइमचा हिशोब आपणच ठेवायचा
मे महिन्यात आमच्या रत्नागिरीकडच्या कॅनिंगच्या कारखान्यात आंबा थांबत नाही, म्हणून कामाची पाळीही संपत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात रोज आत शिरल्याची नि सुटल्याची वेळ लिहा. जेवणाची सुट्टी वजा. आठवड्याचे ४८ तास ओलांडले की पुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर. महिना १३,००० रुपये असतील तर कामाच्या २६ दिवसांनी भागा, मग दिवसाच्या ८ तासांनी: तासाचे ६२.५०, म्हणजे ओव्हरटाइमचे १२५. मुकादम म्हणेल, "पेटीभर आंबे ने गो." न्यावेत की! पण पैशांऐवजी नव्हे. पगारपत्रकावरचे तास वाचल्याशिवाय सही नको. आणि मागायला चार-पाच जणी मिळून जा, एकटीला पुढच्या हंगामात बोलावत नाहीत. तरीही टोलवाटोलवी झाली, तर सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.