ओपन-वर्ल्ड गेम खेळताना पाट्या टाकणे कसे टाळावे

ओपन-वर्ल्ड, म्हणजे खुल्या जगात हवे तिथे हिंडू देणारा ॲक्शन गेम विकत घेणाऱ्या बहुतेकांचा प्रवास एकाच वळणाने जातो. पहिल्या दहा तासांत डोंगर, नदी, पडका किल्ला, जे दिसेल त्याच्याकडे धाव घेतली जाते. तिसाव्या तासाला नकाशा उघडला की त्यावरची चिन्हे वाण्याच्या यादीसारखी दिसू लागतात, आणि पन्नासाव्या तासाच्या आसपास गेम बंद होतो तो पुन्हा उघडलाच जात नाही. यात दोष गेमचा की खेळणाऱ्याचा, हा वाद जुना आहे. माझ्या मते तो दोघांत वाटलेला असतो, आणि खेळणाऱ्याच्या वाट्याचा दोष बऱ्याच अंशी दूर करता येतो. तो कसा करावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सुरुवातीला एक भेद स्पष्ट करून घ्यायला हवा. तीच क्रिया पुन्हा करणे वेगळे आणि तेच काम पुन्हा करणे वेगळे. तबला शिकणारा एकच कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, महिनोन्महिने वाजवतो, पण तिचे पलटे, म्हणजे नवे फेरफार, निघत राहतात म्हणून त्याला रियाज म्हणतात. गेममध्येही शत्रूच्या मागून दबक्या पावलांनी जाणे ही क्रिया शंभर वेळा केली, तरी प्रत्येक वेळी जागा, पहारा आणि पळवाटा बदलत असतील तर हात तयार होत जातो. ज्या कामाचा शेवट पाहताक्षणी ठाऊक असतो, ते मात्र केवळ खूण पुसण्यासाठी केले जाते. २००७ च्या पहिल्या ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये हे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. नऊ जणांना ठार करायचे असते, आणि प्रत्येक प्रसंगाची रचना वेगळी असल्यामुळे ते लक्षात राहतात. परंतु त्याआधीची तयारी म्हणून खिसा कापणे, बाकावर बसून संभाषण ऐकणे, कुणाला तरी बदडून माहिती काढणे हा ठरलेला रतीब दर वेळी घालावा लागतो. म्हणून गेम कंटाळवाणा वाटू लागला, तर ‘मला नेमके काय नकोसे झाले आहे, क्रिया की काम?’ हा प्रश्न आधी विचारावा. क्रियाच नकोशी झाली असेल, म्हणजे तलवार चालवण्यात किंवा धावण्यात मौज उरली नसेल, तर पुढचे कोणतेही उपाय उपयोगी पडणार नाहीत आणि गेम सोडणेच शहाणपणाचे आहे. कंटाळा कामांचा असेल, तर बरेच काही करता येते.

क्रिया आपल्याला रुचते का, हे शक्यतो पैसे अडकण्यापूर्वीच तपासावे. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, मात्र या प्रकारातल्या अनेक गेमची प्रस्तावनाच तेवढा वेळ खाते. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’चा बर्फातला पहिला अध्याय धिम्या गतीने चालतो आणि खुले जग त्यानंतरच हाती येते. अशा वेळी त्या दोन तासांत कथेचा अंदाज घेत बसू नये. चालणे, चढणे, घोडा हाकणे, नेम धरणे या गोष्टी हाताला कशा लागतात, तेवढेच पाहावे. इन्सोम्नियाकच्या २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये गुन्हेगारांना रोखण्याची कामे एकसारखी आहेत, तरीही इमारतींमधून झोके घेत जाण्यातच इतका आनंद आहे की कामापर्यंतचा प्रवास हेच पुष्कळदा खरे बक्षीस ठरते.

यानंतरची पायरी म्हणजे नकाशा आवरणे. माझ्या अनुभवात सर्वांत मोठा फरक याच एका गोष्टीने पडतो. पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, म्हणजे मिनीमॅपवर, ठिपका असला की नजर ठिपक्यावर राहते आणि ज्या जगासाठी एवढा खर्च केला ते नुसते मागून सरकत जाते. ‘द विचर ३’च्या नकाशावर न पाहिलेल्या जागांची प्रश्नचिन्हे लपवण्याची सोय आहे आणि त्यातल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रात जाण्यापूर्वी ती अवश्य वापरावी. तिथे पाण्यावर विखुरलेल्या तस्करांच्या पेट्यांमध्ये होडी हाकत हिंडण्याइतके मोलाचे फारसे काही नाही, आणि प्रश्नचिन्हे दिसत राहिली की हात शिवशिवतातच. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ सुरुवातीलाच एक्सप्लोरेशन मोड देते. त्यात ठिकाणावर थेट खूण न येता अमुक प्रदेशाच्या दक्षिणेला, तमुक ठिकाणाजवळ अशा पत्त्यावरून जागा शोधावी लागते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधला प्रो मोड पडद्यावरील बहुतेक माहिती काढून टाकतो. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ने २०२० मध्ये मिनीमॅप पूर्णपणे वगळला आणि दिशा दाखवण्याचे काम वाऱ्याकडे सोपवले: टचपॅडवर बोट वर सरकवले की झुळूक सुटते, गवत त्या बाजूला झुकते, आणि वाट शोधताना नजर आपोआप निसर्गावर राहते.

एक सावधगिरी मात्र हवी. ज्या गेमची मिशने खुणेच्या आधारानेच बांधलेली आहेत, तिथे सगळे बंद केले तर निव्वळ भटकंती होते, कारण संवादांत पत्ता सांगितलेलाच नसतो. अशा ठिकाणी मिनीमॅप बंद ठेवावा आणि अडले तेव्हाच मोठा नकाशा उघडावा. फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून एका क्षणात दुसऱ्या जागी पोहोचण्याची सोय, याबाबतही मध्यम मार्ग पुरतो. नव्या जागी स्वतः जावे, आणि ओळखीच्या जागी परतायचे असेल तेव्हा खुशाल उडी घ्यावी.

आता कामे. दुय्यम कामांच्या प्रत्येक प्रकाराला मी तीन संधी देतो. पहिल्या वेळी नियम कळतात, दुसऱ्या वेळी ते वापरून पाहता येतात, आणि तिसऱ्या वेळीही काही नवे घडले नाही तर तो प्रकार तिथेच सोडायचा. या नियमाला अपवाद एकच, तो म्हणजे आपली क्षमता बदलणारे काम. त्सुशिमा बेटावर गरम पाण्याच्या कुंडात उतरले की कमाल आरोग्य वाढते, बांबू कापण्याच्या सरावाने निग्रहाची, म्हणजे जखम भरण्यासाठी आणि खास डावांसाठी लागणाऱ्या शक्तीची, मर्यादा वाढते, कोल्ह्यामागून देवळापर्यंत गेल्यास ताईत बांधण्याच्या जागा वाढत जातात. हायकू रचल्यावर मात्र कपाळाला बांधायची पट्टी मिळते, लढाईत तिचा उपयोग नाही. म्हणून हायकू सोडावेत असे नाही, शांत बसायला आवडते त्याने ते जरूर रचावेत. पण आपण ते कशासाठी करतो आहोत, हे ठाऊक असलेले बरे.

हाताने घडवलेले काम आणि साच्यातून काढलेले काम यांतला फरक ओळखणे अवघड नाही. काम देणाऱ्याला नाव आहे का, तो काही लपवतो आहे असे वाटते का, आणि आपल्या निर्णयाने पुढे काही बदलते का, एवढे पाहिले तरी पुरते. ‘द विचर ३’मधील ब्लडी बॅरन नावाच्या सरदाराची हरवलेली बायको आणि मुलगी शोधण्याचे प्रकरण आणि समुद्रातल्या त्या पेट्या एकाच गेममध्ये, एकाच नकाशावर आहेत. नकाशा दोन्हींना एकसारखीच किंमत देतो, पण आपण देण्याचे कारण नाही.

संग्रहाच्या वस्तूंबाबत तर थोडा हिशेबच मांडावा. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये कोरोक या जगभर लपलेल्या छोट्या वनजीवांकडून मिळणाऱ्या ९०० बिया आहेत, तर सामान ठेवण्याच्या सर्व जागा वाढवण्यासाठी ४४१ पुरतात. उरलेल्या सगळ्या गोळा केल्यावर मिळते ते विष्ठेच्या आकाराचे सोनेरी बक्षीस, ज्याचा उपयोग बिया घेणाऱ्या हेस्टू या पात्राचे नाच पाहण्यापलीकडे नाही. रचनाकारांनी पूर्णत्वाच्या हव्यासाची याहून स्पष्ट थट्टा क्वचितच केली असेल. बिया एवढ्या संख्येने पेरल्या आहेत त्या कुठेही वाकडी वाट केली तरी काहीतरी गवसावे म्हणून, आणि त्या तशाच वाटेत सापडतील तेवढ्या घ्याव्यात. उलट उदाहरण ‘बॅटमन: आर्कम नाइट’चे आहे. तिथे रिडलर या खलनायकाची २४३ कोडी सोडवल्याशिवाय पूर्ण शेवट पाहायला मिळत नाही. अशा ठिकाणी कोडी प्रवासातच थोडी-थोडी उरकावीत, शेवटासाठी साठवू नयेत. आणि तेवढी चिकाटी नसेल तर कमी लांबीचा शेवट पाहून समाधान मानावे.

या सगळ्याहून रोचक उपाय म्हणजे पद्धत बदलणे, आणि तिथे मला ‘फार क्राय ३’बद्दल सविस्तर लिहावेसे वाटते. २०१२ च्या या गेमवर नंतरच्या अनेक गेमच्या एकसुरीपणाचे खापर फुटते, कारण त्याचे, चढले की आसपासचा नकाशा उघडणारे, रेडिओ मनोरे आणि शत्रूच्या चौक्या हा साचा पुढे सर्रास वापरला गेला. बेटावर ३४ चौक्या आहेत आणि कागदावर प्रत्येकीचे काम तेच आहे: पहारेकरी संपवा, चौकी ताब्यात घ्या. तरीही मनोरे लवकर कंटाळवाणे होतात आणि चौक्या बराच काळ होत नाहीत, कारण मनोरा चढण्याची वाट ठरलेली असते, तर चौकीत अनेक गोष्टी एकमेकींवर आदळू शकतात. धोक्याचा भोंगा वाजला की कुमक येते, म्हणून भोंगे आधी निकामी करावे लागतात. काही चौक्यांत पिंजऱ्यात वाघ किंवा अस्वल असते आणि लांबून पिंजरा फोडला की पुढची लढाई ते जनावरच लढते. आग गवतातून पसरते. टेकडीवरून दुर्बिणीने पाहत मी तयारी करत होतो आणि एवढ्यात जंगलातला दुसराच वाघ चौकीत शिरून निम्मे काम उरकून गेला, असेही एकदा झाले आहे.

हा आनंद मिळवायचा असेल तर एकच यशस्वी युक्ती सगळीकडे वापरण्याचा मोह टाळावा लागतो. आवाज दाबणारी नळी लावलेली लांब पल्ल्याची बंदूक हाती आली की प्रत्येक चौकी तिनेच सुटते, आणि मग ती सोडवण्यात राम उरत नाही. म्हणून स्वतःवर बंधने घालावीत: ही चौकी फक्त धनुष्याने, ती एकही गोळी न झाडता, पुढची रात्री, त्यानंतरची सुरे आणि सुरुंगांनी. सगळ्या चौक्या संपल्या तरी बिघडत नाही, कारण नंतरच्या अपडेटने त्या पुन्हा शत्रूच्या ताब्यात देण्याची सोय केली आहे. मनोऱ्यांचे म्हणाल, तर ‘फार क्राय ५’मध्ये सुरुवातीच्या एका मनोऱ्यानंतर ‘आता प्रदेशभर मनोरे चढायला लावणार नाही’ अशा आशयाचे वाक्य एका पात्राच्या तोंडी घालून कंपनीने स्वतःचीच चेष्टा केली आहे.

डिफिकल्टी, म्हणजे गेमची काठिण्यपातळी, वाढवणे हाही पद्धत बदलण्यास भाग पाडणारा उपाय आहे, पण तो डोळसपणे करावा. वरच्या पातळीवर शत्रूचे आरोग्य तेवढे वाढत असेल, तर जो शत्रू चार घावांत पडत होता त्याला बारा घाव घालावे लागतात, आणि कंटाळा तिप्पट होतो. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’मध्ये नंतर आलेली लीथल पातळी याच्या नेमकी उलट आहे. तिथे शत्रूचा घाव आपल्याला आणि आपला घाव शत्रूला जबर लागतो, त्यामुळे लढाई लहान होते आणि प्रत्येक हालचालीला वजन येते. नवी पातळी निवडल्यावर एका साध्या शिपायाशी लढून पाहावे. लढाई नुसती लांबली असेल तर लगेच खाली यावे, त्यात कमीपणा नाही.

वेळेच्या वाटणीबद्दल थोडक्यात. एखादा प्रदेश कथा पुढे नेण्याआधीच पूर्ण साफ करण्याची सवय सर्वांत घातक आहे, कारण नवी हत्यारे आणि नवे शत्रू बहुधा कथेबरोबर येतात, आणि आपण जुन्याच साधनांनी जुनीच कामे करत राहतो. एका बैठकीत कथेचे एक मिशन आणि वाटेत भेटेल ते एखादे दुय्यम काम, हे प्रमाण नोकरी सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्याला चांगले मानवते. ‘एल्डन रिंग’सारख्या गेममध्ये वाट बदलणे हीच खरी मोकळीक आहे. लिमग्रेव्ह या पहिल्या प्रदेशात अगदी सुरुवातीला दिसणारा घोडेस्वार ट्री सेंटिनेल आवरत नसेल, तर त्याला वळसा घालून निघून जावे आणि बळ आल्यावर परतावे. त्याच गेममधील भुयारी कबरस्तानांत ठरावीक बॉस, म्हणजे शेवटी उभे असलेले बलाढ्य शत्रू, पुनःपुन्हा भेटतात, तेव्हा चार-पाच पाहून झाल्यावर बाकीची सोडली तरी गेमचे मर्म हुकत नाही.

शेवटचे मिशन समोर आले की अनेक जण घाबरून उरलेल्या खुणा उरकायला मागे फिरतात, आणि नेमका तिथेच गेम सुटतो. ही भीती बहुधा अनाठायी असते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ शेवटच्या लढाईनंतर तिच्या आधीच्या क्षणी परत आणून सोडते, ‘द विचर ३’ही शेवटानंतर जगात हिंडू देते, आणि त्सुशिमाचे बेटही खुले राहते. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये मात्र कथा सरकत जाते तशी काही अनोळखी माणसांची कामे कायमची बंद होतात, त्यामुळे तिथे अध्याय संपवण्यापूर्वी वाटेत भेटलेल्या माणसांकडे एकदा फिरून यावे, आणि शिकारीची यादी मात्र नंतरसाठी खुशाल ठेवून द्यावी.