शेमस हीनी यांची कविता कशी अभ्यासावी

आयरिश कवी शेमस हीनी यांची कविता अभ्यासायला घेताना अनेक विद्यार्थी उत्तर आयर्लंडमधील कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्ष आणि १९९५ सालचे नोबेल पारितोषिक यांवरच्या टिपणांपासून सुरुवात करतात. मीही तसेच केले होते, आणि त्यामुळे बरेच दिवस मला प्रत्येक कवितेत राजकारणाखेरीज काही दिसतच नव्हते. सांगली-साताऱ्याकडच्या वाचकाने ही वाट धरू नये, कारण माती उकरणारी माणसे ज्याने जवळून पाहिली आहेत, त्याला या कवितेत शिरायला टिपणांची गरज नाही. हीनी १३ एप्रिल १९३९ रोजी डेरी परगण्यातील मॉसबॉन या शेतवाडीवर जन्मले, वडील शेती आणि जनावरांचा व्यापार करत, आणि नऊ भावंडांत ते थोरले होते, एवढे माहीत असले की पुस्तक उघडावे.

पहिली कविता ‘डिगिंग’ घ्यावी. १९६६ साली आलेल्या ‘डेथ ऑफ अ नॅचरलिस्ट’ या पहिल्या संग्रहाची सुरुवात तिनेच होते. खिडकीशी लेखणी घेऊन बसलेल्या कवीला खाली वडील खणताना दिसतात, तेथून वीस वर्षांपूर्वीचे बटाट्याचे शेत आठवते आणि मग पीट कापणारे आजोबा. कविता आधी तीन वेळा मोठ्याने वाचावी. ओल्या पीटचा ‘स्क्वेल्च अँड स्लॅप’ हा आवाज अर्थाच्या आधी कानाला कळतो, आणि तो कळल्याशिवाय पुढे जाऊ नये. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेला, अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा आणि वनस्पतींचा थर. तो विटांसारखा कापून, वाळवून चुलीत जाळतात.

त्यानंतर कवितेतील अवजाराकडे बारकाईने पाहावे, कारण मराठी वाचकाची खरी चूक येथे होते. ‘स्पेड’ म्हणजे फावडे असे आपण लिहून टाकतो. पण आपले खोरे वाकून स्वतःकडे ओढायचे असते, तर हीनींचे वडील पात्याच्या वरच्या काठावर बूट टेकवतात, दांडा गुडघ्याच्या आतल्या बाजूला लावतात आणि पात्याला तरफेसारखे उचलतात. शरीराची ठेवणच वेगळी असल्यामुळे ओळींचा ठेकाही वेगळा आहे. सांगली भागात हळद काढताना ज्याने पाहिले असेल, त्याला कुदळीचा घाव जरा चुकला तरी हळकुंड चिरते हे ठाऊक असते. त्यामुळे जमिनीतून निघालेल्या नव्या बटाट्यांचा गार, टणक स्पर्श मुलांना का आवडतो, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. आजोबांसाठी बाटलीतून दूध नेणारा नातूही आपल्या बांधावर चहाची किटली घेऊन जाणाऱ्या पोरासारखाच आहे. साम्य मात्र येथपर्यंतच मानावे. बोटांतली लेखणी कवीला पहिल्याच कडव्यात बंदुकीसारखी वाटते, आणि ती उपमा आपल्या शेतातून उलगडत नाही.

‘मिड-टर्म ब्रेक’ ही कविता वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावी. मोटारीच्या धडकेने गेलेल्या चार वर्षांच्या भावावरची ही कविता आहे, आणि ती सांगतो शाळेच्या वसतिगृहातून घरी आणलेला थोरला मुलगा. तीन-तीन ओळींची सात कडवी झाल्यावर शेवटी एकच ओळ सुटी उभी राहते, आणि तिच्यात चार फुटांची पेटी आणि चार वर्षे यांचा साधा हिशेब असतो. ती ओळ कागदाने झाकून आधीचे सगळे वाचावे. मुलगा कोठेही रडत नाही, फक्त पाहतो आणि मोजतो, हे मग ध्यानात येते. वसतिगृहातून अशा निरोपाने घरी आलेला थोरला मुलगा आपल्याकडच्या कित्येक घरांना अपरिचित नाही.

पुढे ‘विंटरिंग आउट’ हा १९७२ चा संग्रह घ्यावा आणि त्यातील गावांच्या नावांवरच्या कविता वाचाव्यात. ‘ब्रोआख’ या नावाच्या शेवटचा, घशातून घासून येणारा ध्वनी परक्यांना नीट जमत नाही, असे हीनी म्हणतात. धर्माने विभागलेल्या स्थानिकांना मात्र तो सारखाच जमतो, आणि माझ्या मते ही कविता सारी याच ध्वनीवर उभी आहे. बाहेरून आलेला माणूस वाळव्याला ‘वालवा’ म्हणतो, तेव्हा ‘ळ’ किती स्थानिक आहे हे आपल्याला जाणवते. तो अनुभव मनात ठेवून ही छोटी कविता वाचावी. याच संग्रहात ‘द टोलुंड मॅन’ आहे. १९५० साली डेन्मार्कमध्ये पीट कापणाऱ्यांना सापडलेला तो प्राचीन देह आम्ल पाण्यामुळे आणि प्राणवायूच्या अभावामुळे टिकून राहिला होता. आजोबांच्या पीटमध्ये आता बळी दिलेला माणूस सापडतो. यानंतरच १९७५ चा ‘नॉर्थ’ उघडावा आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस पेटून १९९८ च्या शांतता करारापर्यंत चाललेल्या संघर्षाचा इतिहास त्याच वेळी वाचावा, कारण आता तो कवितेवर चढत नाही, तिच्यातून वर येतो.

रोज चार ओळींचे मराठी भाषांतर करावे आणि अडलेल्या शब्दासाठी शब्दकोशाबरोबर शेतात राबलेल्या माणसालाही विचारावे. नोबेल स्वीकारताना दिलेले व्याख्यान शेवटी ठेवावे. त्यात लहानपणीच्या घरातील पिण्याच्या पाण्याची बादली येते. जवळून आगगाडी गेली की तिच्यात आवाज न होता वर्तुळे उमटत. ते वाचून झाल्यावर ‘डिगिंग’ पुन्हा एकदा मोठ्याने वाचावी.