बिहीची लाल वडी आणि घशासाठी बिहीदाणा

नाशकात बिहीदाणा मागताना शब्द नीट उच्चारा. भद्रकालीतल्या काष्ठौषधींच्या दुकानात मी पहिल्यांदा मागितला, तेव्हा हातात पुडी आली बेदाण्यांची. दुकानदार म्हणाला, "मावशी, मला वाटलं खिरीत घालायला हवेत." त्याची चूक नव्हती. दोन्ही शब्द फारसीतले. बे-दाणा म्हणजे बी नसलेला आणि बिही-दाणा म्हणजे बिहीच्या फळाचं बी. आपल्या द्राक्षांच्या जिल्ह्यात पहिलाच अर्थ आधी ऐकू जाणार.

बिही, इंग्रजीत क्विन्स, हे सफरचंद आणि नासपतीचं सख्खं भावंडच. काश्मीरमध्ये त्याला बमचूंठ म्हणतात आणि वांग्याबरोबर त्याची भाजी करतात. लोकाटही त्याच घरातलं. थोडं लांबचं नातं धरलं तर गुलाब आणि आपल्या सुरगाण्याची स्ट्रॉबेरीसुद्धा. बेल मात्र नात्यातला नाही. इंग्रजीत बेलाला 'बंगाल क्विन्स' म्हणतात, म्हणून लोक फसतात. मीही फसले. 'क्विन्स' म्हणून मागवलेलं रोप वाढवलं, तर त्याला तीन-तीन दलांची पानं आली. बेल लिंबाच्या कुळातला. ते झाड मी ठेवलंय, श्रावणात शेजारणी पानं नेतात.

ताजी फळं आमच्या भाऊजींमुळे मिळतात. त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. ऑक्टोबरात श्रीनगरहून सफरचंदाची गाडी आली की माझ्यासाठी एखादी पेटी बिही असते. फळ नासपतीच्या आकाराचं पण ओबडधोबड असतं, अंगावर राखाडी लव. हिरवट असेल तर लगेच कापू नका. टोपलीत एकेक सुटं, एकमेकांना न टेकवता ठेवा. आठ-दहा दिवसांत ते पिवळंधमक होतं आणि खोलीभर वास सुटतो. फळ दाबून पाहू नका. पिकलं तरी ते कडकच राहतं आणि दाबलेल्या जागी डाग पडून सडतं. कच्चं खाल्लं तर तुरटपणाने तोंड आवळतं. ते चुलीवर चढवण्याचंच फळ आहे.

आता वडी. एक किलो फळं ओल्या फडक्याने पुसून लव काढा. साध्या सुरीचा नाद करू नका, हात सटकतो. मी कैऱ्या फोडायचा मोठा अडकित्ता काढते. चार फोडी करून बिया बाजूला काढा, त्या फेकायच्या नाहीत. मधला कठीण गाभा आणि सालं मलमलच्या फडक्यात बांधून ती पुरचुंडी फोडींबरोबरच पातेल्यात टाका, कारण जेली धरून ठेवणारं पेक्टिन त्यातच जास्त असतं. पातेलं जाड बुडाचं आणि स्टीलचंच घ्या, लोखंड किंवा ॲल्युमिनियम नको. फोडी बुडतील इतकं पाणी घालून मंद आचेवर पाऊण तास शिजवा. पुरचुंडी पिळून काढा, फोडी निथळून पुरणयंत्रातून काढा. निथळलेलं पाणी ठेवा, साखर आणि लिंबू घालून त्याची सुरेख जेली होते.

गर वजन करून घ्या. किलोभर गराला पाऊण किलो साखर आणि एका लिंबाचा रस. पुन्हा मंद आच, आणि ढवळत राहायचं. आधी गर फिकट, साईच्या रंगाचा असतो. अर्ध्या तासाने कडेकडेने गुलाबी झाक येते, मग ती आत सरकते, आणि सव्वा-दीड तासाने सगळी कढई विटेसारखी लाल. रंगाचा थेंबही घातलेला नसतो. फळाला तुरट करणारी द्रव्यंच उष्णता आणि आंबटपणामुळे मोडतात, आणि त्यांतून जांभूळ-काळ्या द्राक्षांत असतो त्याच जातीचा रंग तयार होतो. म्हणून घाई करून आच वाढवू नका. रंग यायला वेळच लागतो, आणि मोठ्या आचेवर गर खाली लागतो. गर घट्ट झाला की फटाफट उडतो आणि चटका जबर बसतो. लांब दांड्याचा उलथना घ्या, हाताला फडकं गुंडाळा.

उलथना फिरवल्यावर तळ दिसून राहिला आणि गोळा कडा सोडू लागला की तूप लावलेल्या थाळीत ओता. दोन दिवस जाळीखाली वाळू द्या, मग वड्या पाडा.

फळं नाहीच मिळाली, तर हीच कृती पेरूची करा. पोर्तुगीज त्यांच्या बिहीला 'मार्मेलो' म्हणतात, तिच्या वडीला 'मार्मेलादा', त्यावरूनच मार्मलेड हा शब्द आला. ब्राझीलमध्ये बिहीऐवजी त्यांनी पेरू वापरला. पेरूतही पेक्टिन भरपूर असतं, म्हणून वडी छान धरते. फक्त शिजायला वेळ निम्मा.

बाजूला काढलेल्या बिया सावलीत वाळवा. हाच तो बिहीदाणा. एक चमचा अख्ख्या बिया कपभर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी पाणी सब्जासारखं बुळबुळीत होतं. गाळून, खडीसाखर घालून घोट घोट घ्या, कोरड्या खोकल्यात घशाला थंडावा मिळतो. बिया चावू नका, वाटूही नका. सफरचंदाच्या बियांसारखंच त्यांच्यातही सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. मिक्सरला लावायचा मोह होतो, म्हणून लिहिलं.

झाड लावायचं असेल तर शहरापेक्षा निफाडकडे लावा. याला हिवाळ्यात पानं गाळून थंडीत निजावं लागतं, आणि निफाडची थंडी आपल्याला ठाऊक आहेच. तरी काश्मीरसारखी फळं धरतील अशी आशा ठेवू नका. बिहीचा दुसरा उपयोग द्राक्षवाल्यांना पटकन कळेल: आपण डॉगरिज या रानद्राक्षाच्या खुंटावर द्राक्षाचं कलम भरतो, तसं थंड देशांत बिहीच्या खुंटावर नासपती बांधतात. झाड ठेंगणं राहतं आणि लवकर फळतं.

वड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे बटर पेपर घाला आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवा. माझ्याकडे त्या संक्रांतीपर्यंत पुरतात, तिळगुळाच्या ताटात लाल चौकोन शोभून दिसतो.