प्रिंटसाठी रसायने निवडताना डेव्हलपरपेक्षा फिक्सरचा विचार आधी करा

डार्करूममध्ये कृष्णधवल फोटोंच्या प्रिंट काढायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांचा सगळा जीव कागदावर चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या निवडीत अडकतो, तसा माझाही अडकला होता. आज मी एवढेच सांगेन की कोडॅकचा डेक्टॉल किंवा इलफर्डचा मल्टिग्रेड यांपैकी जो सहज मिळेल तो घ्यावा, २० अंश सेल्सियसला वापरावा आणि वर्षभर बदलू नये. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन ही रसायने तोलून घरी डेव्हलपर बनवण्याचा मोह मला सुरुवातीच्या काळात तरी घातक वाटतो, कारण प्रिंट बिघडली तर दोष वजनाचा की हाताचा, हेच कळत नाही. मेटॉलने काहींच्या त्वचेला कायमची ॲलर्जी होते, म्हणून चिमटे वापरावेत. डेव्हलपरचे काम थांबवणाऱ्या स्टॉप बाथला सौम्य ॲसेटिक किंवा सायट्रिक ॲसिड पुरते.

मी फसलो तो फिक्सरमध्ये, म्हणजे चित्र कायम करणाऱ्या द्रावणात. ज्यांच्याकडे मी शिकलो, ते ट्रेवर वाकून वास घेत आणि 'अजून चालेल' म्हणत. मीही तेच करू लागलो. एक लिटर फिक्सरमधून मी आठ बाय दहा इंचांच्या साठाहून अधिक फायबर (प्लास्टिकचा थर नसलेल्या कागदावरच्या) प्रिंट काढल्या आणि त्या दिवशी त्या सगळ्या निर्दोष दिसल्या. आठ महिन्यांनी पाकीट उघडले, तेव्हा आजीच्या पांढऱ्या केसांवर तपकिरी डाग पसरला होता.

फिक्सर कागदातले न वापरले गेलेले चांदीचे क्षार विरघळवतो; पण त्यात चांदी साचत गेली की पाण्याने न निघणारी संयुगे तयार होऊन कागदाच्या तंतूंत अडकतात आणि पुढे त्यांचे सिल्व्हर सल्फाइड होते. तो तपकिरी रंग त्याचाच असतो. मग प्रिंट तासभर धुतली तरी उपयोग नसतो. थकलेला फिक्सर दिसायला आणि वासाला ताज्यासारखाच असू शकतो, म्हणून नाकावर विश्वास ठेवू नका, मग ते नाक कितीही अनुभवी असो. फिल्मसाठी वापरलेला फिक्सर प्रिंटसाठी घेऊ नका.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. अमोनियम थायोसल्फेटचा रॅपिड फिक्सर घ्या, एका लिटरमागे त्याच मापाच्या सुमारे चाळीस फायबर प्रिंट ही मर्यादा धरा आणि प्रत्येक प्रिंटची नोंद बाटलीवरच करा. दोन ट्रे ठेवल्यास अधिक उत्तम: पहिल्यात बहुतेक चांदी उतरते, दुसरा जवळजवळ ताजा राहतो, आणि पहिला संपला की दुसऱ्याला त्याच्या जागी आणता येते. आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेला कागद पाणी फारसे शोषत नाही, त्यामुळे तो दोन-चार मिनिटांत धुतला जातो आणि शिकताना तोच बरा.

शंका आली तर थोडा फिक्सर काचेच्या भांड्यात काढून त्यात पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचे काही थेंब टाका. पिवळसर साका दिसला आणि हलवूनही विरला नाही, तर तो फिक्सर पुन्हा ट्रेमध्ये ओतू नका. त्या दिवशी काढलेल्या प्रिंट सुकण्याआधीच ताज्या फिक्सरमधून पुन्हा काढून नीट धुतल्या, तर बहुतेक वाचतात.