उंदराचा रेटिना स्लाइडवर बसवताना वरची बाजू हरवू नका

रेटिना म्हणजे डोळ्यातला प्रकाश टिपणारा पडदा. माणसाच्या रेटिनाला मध्यबिंदू (फोव्हिया, सर्वांत स्पष्ट दिसणारी जागा) असतो, उंदराच्या रेटिनाला तो नाही. पण म्हणून उंदराचा रेटिना सगळीकडे सारखा नसतो. अतिनील प्रकाश टिपणारं एस-ऑप्सिन हे प्रथिन खालच्या अर्ध्यात दाट असतं, वरच्या अर्ध्यात विरळ. त्यामुळे वर-खालची खूण गेली की अर्धी माहिती गेलीच.

प्राणी-आचारसंहिता समितीने मंजूर केलेल्या पद्धतीने उंदीर मारल्यावर, डोळा काढण्याआधीच कॉर्नियाच्या वरच्या कडेला बारीक कॉटरीने (डाग देणाऱ्या तापलेल्या टोकाने) ठिपका द्या. डावा आणि उजवा डोळा वेगळ्या नळ्यांत ठेवा. कॉर्नियाच्या कडेला २७ गेजच्या सुईने भोक पाडून डोळा ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) १५ मिनिटं ठेवा. भोक न पाडल्यास द्रव आत नीट पोहोचत नाही आणि रेटिना लिबलिबीत राहतो.

आता डोळा पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. तो जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा, ३ मिलिमीटरच्या थोडा वर, आणि त्यातली बरीचशी जागा भिंगानेच व्यापलेली. कॉर्निया काढला की ठिपकाही जातो, म्हणून आधी ठिपक्यापासून मज्जेच्या (डोळ्यामागच्या दृष्टिमज्जातंतूच्या) दिशेने एक लांब चीर द्या. मग कडेने गोल कापून कॉर्निया, आयरिस आणि भिंग काढा. भिंग ओढू नका, चिमट्याने हलकेच उचला. काचद्रव (डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ) त्याला चिकटलेला असतो आणि ओढलं तर रेटिना त्याच्यासोबत फाटून येतो. उरलेली वाटी आणखी ४५ मिनिटं त्याच द्रावणात.

रेटिना मागच्या काळ्या थरापासून सोडवून मज्जा कापा. आणखी तीन चिरा द्या, पण पहिलीपेक्षा आखूड. सगळ्या चिरा मज्जेपाशी पोहोचल्या तर पाकळ्या सुट्या होतात. वाटीची आतली बाजू, म्हणजे गँग्लिअन पेशींची (मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशींची), वर येईल असा रेटिना स्लाइडवर पसरा. मऊ ब्रशने काचद्रवाचे धागे काढा. ते राहिले तर अँटिबॉडी आत झिरपत नाही आणि पाकळ्या गुंडाळतात.

गँग्लिअन पेशी मोजायच्या तर आरबीपीएमएसची (या पेशींची ओळख असलेल्या प्रथिनाची) अँटिबॉडी, ०.५ टक्के ट्रायटन या डिटर्जंटसह, ४ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवा. नुसत्या डॅपीवर (सगळ्याच पेशींची केंद्रकं रंगवणाऱ्या रंगावर) मोजू नका: त्या थरातल्या निम्म्याहून जास्त पेशी अमाक्राइन, म्हणजे दुसऱ्याच प्रकारच्या, असतात, आकडा दुपटीवर जातो. प्रत्येक पाकळीत मज्जेपासून अर्धा, एक आणि दीड मिलिमीटरवर मोजा. केंद्राजवळ पेशी दाट आणि कडेला विरळ असतात, त्यामुळे एकाच जागेचा आकडा फसवतो. कव्हरस्लिपखाली स्पेसर (फट राखणारी पातळ पट्टी) ठेवा, नाहीतर रेटिना चेपला जातो.

चीर ओळखू येईनाशी झाली तर एस-ऑप्सिनचं स्टेनिंग करा. दाट बाजू खालची. मात्र एफव्हीबी किंवा सी३एच जातीचे उंदीर वापरत असाल तर हा उपाय मदतीला येईल असं धरू नका: त्यांच्यात आरडी१ उत्परिवर्तनामुळे दंडपेशी जन्मानंतर तीन-चार आठवड्यांतच मरतात आणि पुढे शंकूपेशीही, ज्यांत एस-ऑप्सिन असतं, जातात.