टॉफी बारमधलं बटर सुटलं तर

बिस्किटाचा खालचा थर १८० अंशांवर छान सोनेरी भाजून निघाला होता. अडलं ते टॉफीपाशी. बटर आणि साखर उकळता उकळता मिश्रण फुटलं. मध्ये साखरेचा गोळा आणि कडेनं तूप तरंगायला लागलं. असं झालं तरी ते टाकू नका, वाचतं!

आच एकदम मंद केली आणि कडकडीत गरम पाणी एकेक चमचा घालत ढवळत राहिले. वाफ जोरात उसळते, त्यामुळे लांब दांड्याचाच चमचा हवा आणि मुलं ओट्यापासून लांब. दोन-तीन चमच्यांत मिश्रण पुन्हा एकजीव झालं. मोठ्या आचेवर किंवा पातळ बुडाच्या भांड्यात बटरमधलं पाणी भराभर उडतं, मग साखर स्निग्धांश धरून ठेवू शकत नाही. म्हणून आता जाड बुडाचंच पातेलं घेते.

नंतर १५० अंशांपर्यंत शिजवलं. थर्मामीटर नसेल तर गार पाण्यात थेंब टाकून बघा, चिक्कीच्या पाकासारखा कटकन तुटला पाहिजे. गरम टॉफीवरच चॉकलेटचे तुकडे पसरले, ते आपोआप वितळतात. वर भाजलेले बदाम. पावसाळ्यात मात्र गार झाल्याबरोबर हवाबंद डब्यात भरा, नाहीतर टॉफी चिकट होते.